जावयानं नेलेला दगड

लढाई संपल्यावर आमचे हे परत आले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन कांबळी, एक जर्मलचा म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, दाढीचा आरसा आणि एका दगडाचं चित्र एवढंच निघालं. चार वर्षं मी वाट बघितली होती. शेजारणी बघायला जमल्या होत्या. ह्यांनी कांबळी बाजूला सारली, डबा बाजूला सारला आणि ते चित्राचं कार्ड दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना दाखवलं. शेजारणी एकमेकींकडं बघून निघून गेल्या.

हे सोलापूरला जाऊन भरती झाले होते, फौजेची लॉरी चालवायला. आधी मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये होते, मग समुद्र ओलांडून इटलीत. तिथं रोम शहरात त्यांना आठ दिवसांची रजा मिळाली. बाकीचे जवान त्या आठ दिवसांत काय करत होते मला ठाऊक नाही. आमचे हे दगड बघत फिरले. कार्डावर एका चौकाचं चित्र होतं. मधोमध ताडासारखा उंच, चौकोनी, वर निमुळता होत गेलेला दगडी खांब. पायथ्याला चार सिंह आणि त्यांच्या तोंडातून पाणी.

आमचं किराणा मालाचं दुकान मन्नाएखेळ्ळीला अगदी सडकेवर होतं. सोलापूर-हैदराबादच्या मोटारी समोर थांबायच्या. दुकान सासरे बघायचे. त्यांना घरात सगळे अप्पा म्हणायचे, मीही. ह्यांनी ते कार्ड काचेत बसवून बसवण्णांच्या तसबिरीशेजारी टांगलं आणि मग जो गूळ घ्यायला येईल त्याला आधी खांब ऐकावा लागे. मिसरच्या राजांनी हे खांब देवापुढं उभे केले, हजारो वर्षांपूर्वी. मग रोमच्या बादशहांनी ते जहाजात घालून आणले. एकेका चौकात एकेक. एक तर हत्तीच्या पाठीवर आहे, दगडी हत्तीच्या. त्यांवर चित्रांची भाषा कोरलेली आहे, पक्षी, डोळे, साप. गिऱ्हाईक एक पाय खाली एक पाय पायरीवर ठेवून ऐकत राही आणि गूळ न घेताच मोटार धरी.

"काय म्हणत्यात रे त्या खांबाला?" अप्पांनी एकदा विचारलं.

"ओबेलिस्क."

"इबलीस?" अप्पा दचकले. आमच्याकडं इबलीस म्हणजे सैतान. "अन् त्याला बसवण्णांच्या शेजारी लावलास?"

त्या दिवशी कार्ड दुसऱ्या भिंतीवर गेलं. गोष्ट मात्र होती तिथंच राहिली. मला ती इतकी पाठ झाली की भाकरी थापताना हे कुठं श्वास घेतील तेही मला आधी कळे.

एकदा मी विचारलं, "ते खांब आणले, तर मिसरच्या लोकांनी काय केलं मग?"

"काय करणार?"

"म्हंजे कुणी विचारलं का न्हाई त्यांना?"

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी हैदराबादचा रस्ता विचारला आणि तो त्यांनाच ठाऊक नाही. "बादशहा कामून विचारंल?" म्हणाले, आणि बाहेर गेले.

माझं माहेर राजेश्वरजवळचं एक लहानसं गाव. दिवाळीला आम्ही दोघं तिथं गेलो. गावाखाली ओढा आहे आणि ओढ्यात बायांची धुण्याची जागा. तिथं एक लांबलचक दगड आडवा पडलेला होता, दोन माणसं डोक्याला पाय लावून निजली तर मावतील एवढा. निम्मा चिखलात, निम्मा वर. माझ्या अव्वानं, म्हणजे आईनं, त्यावर धुतलं, अव्वाच्या सासूनं धुतलं. वरची बाजू तुपाचा हात फिरवल्यासारखी गुळगुळीत झालेली. सात-आठ जणी एका वेळी बसायच्या. लग्न ठरायचं तिथं, भांडण मिटायचं तिथं. नव्या सुनेला कोणी रडू दिलं तर तिथंच.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन गेले. हे पाठोपाठ आले, पाय मोकळे करायला म्हणून. जावई बायांच्या घाटावर आला हेच आधी चुकलं. बाया पदर सावरून उठल्या. ह्यांचं लक्षच नाही. त्यांची नजर दगडाच्या कडेला गेली, जिथं साबण-राख पोचत नाही आणि शेवाळ असतं. ते धोतरासकट पाण्यात उतरले, गुडघे टेकले आणि नखानं शेवाळ खरवडायला लागले.

"अहो, काय करायलाव? बाया थांबल्यात."

"अक्षरं हायत," ते म्हणाले. "बघ. हळेगन्नड हाय हे. जुनी कन्नड."

पुढं ते पाण्यात पालथे झोपले आणि दगडाखाली हात घालून त्याचे कोपरे चाचपायला लागले. सात बाया धुण्याची गाठोडी काखेत धरून काठावर उभ्या होत्या. त्यांच्यात माझी अव्वा होती. तिनं माझ्याकडं बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. जणू मीच त्यांना पाजून आणलं होतं.

वर आले तेव्हा नखशिखांत चिखल, आणि तोंडावर लेकरासारखा आनंद. "चौकोनी हाय," म्हणाले. "चारी बाजूंनी घडवलेला. अन् वर निमुळता."

त्याच संध्याकाळी पारावर माली पाटलांपुढं, म्हणजे गावचा कारभार बघणाऱ्या पाटलांपुढं, त्यांनी विषय काढला. हा दगड असा चिखलात पडलाय, त्याची किंमत कुणाला नाही. मन्नाएखेळ्ळीला सडकेवर उभा केला तर हैदराबादपर्यंतची माणसं बघतील, तुमच्या गावाचं नाव होईल. पाटील म्हणाले, "घेऊन जावा की, जावईबापू. दगडच की." पारावर बसलेल्यांपैकी एकानंही जन्मात स्वतःचं धोतर धुतलेलं नव्हतं. चिलीम संपायच्या आत ठराव झाला.

अव्वाला कळलं तेव्हा ती ह्यांना काही बोलली नाही. जावई. ती मला बोलली.

"तू कामून गप बसलीस?"

"मला कुणी इचारलं का, अव्वा?"

"इचारायची वाट बघायलीस व्हय? नवरा तुझा का माझा?"

मी ह्यांना सांगितलं. भांडले म्हटलं तरी चालेल. हे म्हणाले, "दुसरा आणून टाकू की एखादा. धुवायला कुठला बी दगड चालतो." कधी धुतलंय का तुम्ही, म्हटलं. तर म्हणाले, फौजेत चार वर्षं माझे कपडे मीच धुतले. ते खरं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

माघात ज्वारी काढून झाली, वाटा वाळल्या. ह्यांनी वडारांची टोळी ठरवली. त्यांचा मेस्त्री साठीचा, काळाकभिन्न, कमी बोलणारा माणूस होता. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, बैलांशी तिसरंच काहीतरी. त्याच्याकडं दगड वाहायचा खास बुटका गाडा होता, भरीव चाकांचा. टोळीच्या भाकरी कोण थापणार? माहेर तुझं, वाट तुला ठाऊक, म्हणून मी. मागच्या गाडीत पीठ, तवा आणि मी.

चिखलातून दगड सुटायला पुरा एक दिवस गेला. सुटला तेव्हा त्याच्या जागी लांबोडका खड्डा पडला आणि त्यात गढूळ पाणी भरलं. काठावर बाया उभ्या होत्या. एक म्हातारी ह्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "लेक दिली, वर दगड बी दिला. अजून काय नेणार हाय विचार बाई जावयाला." हे हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

मन्नाएखेळ्ळीला पोचायला चार दिवस लागले. प्रत्येक गावात गाडा थांबायचा, माणसं गोळा व्हायची आणि हे उभे राहून मिसर सांगायचे. मेस्त्री बैल सोडून बिडी ओढत बसायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, धनी बोलतात त्या वक्तात आपण हुमनाबाद गाठलं असतं." मीही तेच मोजत होते. दोन ठिकाणी लोकांनी दगडाला हळद-कुंकू वाहिलं, एके ठिकाणी नारळ फुटला. ह्यांना ते आवडलं नाही. "देव न्हाई हा," ते सांगायचे. "मग कशाला नेता?" लोक विचारायचे. प्रश्न बरोबर होता.

दुकानासमोर फाट्यावर छातीएवढा खड्डा तयार होता. अप्पा पायरीवर बसून बघत होते. खांब उभा करायच्या दिवशी अर्धं गाव लोटलं. आणि तेव्हा ह्यांनी सगळ्यांना सांगितलं, कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

कारण असं की रोममधला मोठा खांब उभा करताना म्हणे हुकूम होता, जो बोलेल त्याचं मुंडकं उडवू. सगळा चौक चिडीचूप. नुसत्या शिंगाच्या इशाऱ्यावर माणसं दोर ओढायची. ही गोष्ट ह्यांना तिथल्या कुणा पाद्र्यानं सांगितलेली.

मेस्त्रीनं हातातला दोर खाली ठेवला. "धनी, आम्ही आवाज दिल्याबिगर ओढत न्हाई. आवाजानं हात एक व्हतात."

"मी हात वर केला की ओढा. शिट्टी मारतो."

"मारा," मेस्त्री म्हणाला. त्या एका शब्दात त्यानं जे म्हणायचं ते म्हटलं होतं. पण ह्यांना समजलं नाही.

शिट्टी वाजली. बारा माणसांनी बारा वेगवेगळ्या वेळी ओढलं म्हणा ना. दगड डोक्याकडून उठला, अर्ध्यावर आला, डावीकडचा दोर ताणला, उजवीकडचा ढिला पडला. दगड फिरला. मला ते दिसत होतं, बघायला आलेल्या मेस्त्रीच्या बायकोला दिसत होतं, सगळ्या गावाला दिसत होतं, आणि कुणी बोलेना, कारण बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं! शेवटी मीच ओरडले, "अहो सोडा, सरका सगळे!" माणसं उड्या मारून बाजूला झाली. खांब आडवा आला आणि दुकानाच्या ओसरीचा लाकडी खांब, वरचे पत्रे आणि तेलाचे दोन डबे घेऊन खाली बसला. माणूस कुणी खाली सापडला नाही ही त्या दगडाचीच कृपा. वरच्या टोकाचा वीतभर टवका तेवढा उडाला.

तेल सडकेवर पसरत होतं. अप्पा पायरीवरून उठले नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "रोममधी बी असंच झालतं का?"

मी रडले. दगडासाठी नाही, तेलासाठीही नाही. आता हे सगळं पुन्हा करणार हे मला दिसत होतं म्हणून.

पुन्हा केलंच. तिसऱ्या दिवशी मेस्त्रीनं ह्यांना दुकानात बसवलं, खरोखर हाताला धरून बसवलं, आणि आपल्या पद्धतीनं आवाज द्यायला सुरुवात केली. तो एक ओळ म्हणायचा, टोळी "ऐलेसा" म्हणायची, आणि दगड प्रत्येक ऐलेसाला वीतभर उठायचा. बाया म्हणायला लागल्या, थांबलेल्या मोटारीतले उतारू म्हणायला लागले. दुपारच्या आत खांब खड्ड्यात उभा राहिला. ह्यांनी बाहेर येऊन मेस्त्रीचे पाय धरले. मेस्त्री लाजला. मला त्या क्षणी ह्यांचं कौतुक वाटलं, हेही लिहिलं पाहिजे. पण ते फार टिकलं नाही, कारण उठल्या-उठल्या त्यांनी विचारलं, "आता याच्याखाली चार सिंह कुठं मिळतील?"

पुढं जवळच्या मठातले एक स्वामी अक्षरं बघायला आले. त्यांना जुनी कन्नड वाचता यायची. बोटानं चाचपत, थांबत त्यांनी चार ओळी वाचल्या. कुण्या एका बाईनं गावासाठी पाण्याची सोय केली, तिथला बांध आणि त्याभोवतीची जमीन दिली, असं काहीतरी होतं. नाव पुसलेलं.

"अन् पुढं?" मी विचारलं.

"पुढं होतं बरंच, ताई. गुळगुळीत झालंय. कुणीतरी घासून काढलंय."

हे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या अव्वानं, तिच्या सासूनं, मी, आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाईचं नाव धुऊन टाकलं होतं. म्हणजे हे दगड घेऊन आले ते बरोबर होतं की काय? मी दोन दिवस घुश्शात होते. चुकीच्या माणसाचा एखादा मुद्दा बरोबर निघाला की त्यासारखा वैताग नाही.

त्या पावसाळ्यात दिल्लीकडून इंग्रज गेला. आमच्याकडं निजाम सरकारचा अंमल तसाच राहिला आणि हवा बिघडली. तिरंगा लावला म्हणून गावोगाव माणसं धरत होते. अशा दिवसांत एक अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे अधिकारी, जीपमधून जाताना फाट्यावर थांबले. सडकेवर, मोक्याच्या जागी, माणसाहून उंच, नवा उभा केलेला खांब. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं.

"ये खंबा कायकू? झंडा लगाते क्या इसपे?"

"न्हाई साहेब," हे म्हणाले, आणि मला वाटलं आता गप्प राहतील. "ये ओबेलिस्क है."

शिपायानं कागदावर लिहून घेतलं, इबलीस. अमीनसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. एक तर हा माणूस झेंड्याचा खांब लावतोय, वर त्याला सैतानाचं नाव देतोय. हे रोम सांगायला लागले, मिसर सांगायला लागले, हत्ती सांगायला लागले. जितकं सांगत गेले तितकं बिघडत गेलं. अप्पांनी मागून दोनदा शर्ट ओढला. शेवटी ह्यांना जीपमध्ये बसवून ठाण्यात नेलं.

तीन दिवस ठेवलं. माणसं नेली की परत येतातच असे ते दिवस नव्हते. अप्पा रोज ठाण्याच्या दारात जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या एका मौलवीसाहेबांना घेऊन गेले. त्यांनी अमीनसाहेबांना समजावलं की हा माणूस फौजेत होता, ह्याचं डोकं दगडांपायी गेलंय, ह्याच्यात दुसरं काही नाही. अमीनसाहेबांनी सोडलं, पण खांब आठ दिवसांत आडवा झाला पाहिजे म्हणून बजावलं.

घरी आल्यावर मी पाणी दिलं. वाटलं, आता रडतील, किंवा निदान म्हणतील की तुझं ऐकायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "मौलवीसाहेबांना ठाऊक होतं की मिसरचं. मूसा पैगंबर तिथलेच. आम्ही वाटेनं लई बोललो."

मी तांब्या उचलून आत गेले.

मेस्त्री पुन्हा आला. दगड उभा करायला लागला त्याच्या निम्म्या वेळात आडवा झाला, दुकानासमोर, सडकेच्या कडेला. दुसऱ्याच दिवशी मोटारीची वाट बघणारे त्यावर बसायला लागले.

मग मी म्हटलं, आता हा इथं नुसता लोळतोय, तर माहेरी परत पाठवू. हे कबूल होईनात. दिवस बदलतील, पुन्हा उभा करू. मेस्त्रीला मागच्या दारी बोलावलं आणि म्हटलं, माझ्या माहेरच्या ओढ्यात धुण्यासाठी एक चांगला दगड टाकून दे. घरातली पोतंभर ज्वारी त्याला दिली. ह्यांना सांगितलं नाही, अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "दोन पोती दे."

महिन्याभरानं मेस्त्रीनं दगड पोचवला. मी मुद्दाम बघायला गेले. वाटलं होतं, अव्वा खूश होईल. ओढ्यावर ती एकटी होती आणि लुगडं दगडावर न आपटता हातानं चोळत होती.

"नवा कसा हाय, अव्वा?"

"खरबरीत हाय. लुगडी फाटायलीत." तिनं लुगड्याचा विरलेला काठ मला दाखवला. मग माझं तोंड बघून म्हणाली, "असू दे. घासू. तुझ्या लेकीच्या लेकीला बरा लागंल."

मी तिच्या शेजारी बसले आणि पदर खोचून दिवसभर तिथलंच धुणं धुतलं, आमचं, शेजाऱ्यांचं, मिळेल त्याचं. जणू एका दिवसात तो दगड गुळगुळीत होणार होता. संध्याकाळी बोटं सोलवटली होती. अव्वानं हळद लावली आणि मला म्हणाली, तू बी नवऱ्यावाणीच झालीस.

पुढच्या भादव्यात हिंदुस्थानची फौज आमच्या सडकेवरून गेली. चार-पाच दिवसांत निजामाचा अंमल संपला. लॉऱ्यांमागून लॉऱ्या. हे सडकेवर उभे राहून प्रत्येक लॉरीचा आवाज ऐकून तिचा दोष सांगायचे. अमीनसाहेब कुठं गेले ते कुणाला कळलं नाही. आता परवानगी कुणाची लागणार नव्हती. मी वाट बघत होते की आज हे मेस्त्रीला बोलावतील, उद्या बोलावतील. दसरा गेला, दिवाळी गेली. दगड आडवाच.

मला राहवेना. ज्या दगडापायी माहेर दुखावलं, ओसरी पडली, तीन दिवस जीव टांगणीला लागला, तो आता फुकट लोळणार?

"उभा करायचा न्हाई का तो?" मी विचारलं.

"बघू की."

"बघू काय? एवढा आणला तर उभा तरी करा! मी सांगते मेस्त्रीला."

हे दुकानाच्या दारात उभे होते. समोर दगडावर एक म्हातारा, एक बाई आणि तिच्या मांडीवर निजलेलं लेकरू मोटारीची वाट बघत होते. दुपारचं ऊन होतं आणि ओसरीच्या नव्या पत्र्याची सावली दगडावर पडली होती.

"उठा म्हणून कोण सांगायचं त्यांना," हे म्हणाले. "तू सांगतीस?"

मी काही त्या बाईला उठवायला गेले नाही. आत जाऊन तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरला, आणि बाहेर आणून देताना ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतका मला राग आला होता.